लोणीच्या यादीतली एक ओळ

हर्षालीला खेळायला कुठं सोडायचं, या एका काळजीनं मी जवळजवळ महिनाभर रात्री नीट झोपले नव्हते.

समोर रस्ता, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. डावीकडे ऊस, उसात बिबट्या. उजवीकडे शेजाऱ्यांचा गोबरगॅसचा खड्डा. त्याला झाकण आहे, पण झाकणाला कडी नाही, हे मी दोनदा जाऊन बघून आले. दुसऱ्या वेळी शेजारीण म्हणाली, "का गं, काही हरवलं का?" मी म्हटलं, "नाही, सहज." चार वर्षांच्या मुलीच्या आईचं सहज काहीच नसतं, पण हे शेजारणीला कुठं सांगत बसायचं?

आम्ही संक्रांतीला लोणीत राहायला आलो. दोन खोल्यांचं घर, चार वर्षं कुलपात होतं, मालक मुंबईला. मागं कंपाउंडच्या आत एक लिंबाचं झाड आणि झाडाखाली एक शहाबादी फरशी, अडीच फूट बाय अडीच फूट, अर्धी मातीत गेलेली. ती दिसली तेव्हा मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! साप आला तर दिसेल, विंचू आला तर दिसेल, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून पोर दिसेल. मी वरची माती खरवडून काढली, फरशी घासून धुतली. एका कोपऱ्यात ती जरा डुगडुगायची, म्हणून खाली विटेचा तुकडा सरकवला. तरी कुणी वर बसून हललं की टक वाजायचंच. मग तिथं भातुकली मांडून दिली आणि दम भरला, "या फरशीच्या बाहेर पाय टाकायचा नाही."

मी कॉम्प्युटर शिकून बी.सी.एस. झालेली आहे. त्याचा घरात उपयोग एवढाच झाला, की मी काळज्या आता क्रमवार करते.

सतरा फेब्रुवारीची गोष्ट. मंगळवार, अमावास्या. दुपारी साडेतीनला मी दूध गॅसवर ठेवलं आणि खिडकीतून बघितलं, तर हर्षाली फरशीवर नाही. दोन पावलं अलीकडं मातीत बसलेली, गाल फुगवून. मी ओरडतच बाहेर गेले. "फरशीवर बस म्हटलं होतं ना?" तिचा हात धरला तर फ्रॉकवर निळा डाग. उजव्या खांद्यावर, पाठीच्या बाजूला. वास घेतला, ऑइलपेंट. आमच्या घरात निळं काही नाही, फाटक हिरवं आहे. ती काहीतरी सांगायला लागली. मी म्हटलं, "आधी आत चल, फ्रॉक काढ." मग ऑइलपेंटनं मुलांना काय काय होऊ शकतं ते मोबाईलवर वाचत बसले. तेवढ्यात दूध उतू गेलं. फ्रॉक मी रॉकेल लावून बघू म्हणून खुंटीला अडकवला, आणि ती काय सांगत होती ते ऐकायचं राहून गेलं.

ह्यांची त्या आठवड्यात रात्रपाळी होती. असं असलं की ह्यांचे चुलते, संपततात्या, जेवून सोबतीला येतात. माझा दीर ऋतिक असतोच, पण त्याची सोबत म्हणजे त्याच्या मोबाईलची सोबत. पावणेनऊला लाईट गेली. आम्ही ओट्यावर बसलो. हर्षाली माझ्या मांडीवर, चादरीत.

"तात्या," ऋतिक म्हणाला, "अमावास्या हाय, लाईट न्हाई. एखादं भूत होऊन जाऊ द्या."

"मला भुताच्या गोष्टी येत न्हाईत," तात्या म्हणाले. "झालेल्या येत्यात."

"मग झालेली सांगा. वहिनीला झोप तशी बी लागत न्हाई."

तात्यांनी तंबाखू मळली, दाढेला धरली, आणि अगदी पीकपाण्याचं बोलावं तसं बोलायला लागले.

"मंचरला आपल्या वळखीच्या रूपचंद शेठचं मोटारी-पायपांचं दुकान हाय. त्यांच्याकडं कुशाबा म्हणून व्हता. बोअरमधनं मोटार उपसायची, बसवायची, तीस वर्षं तेच काम. उजव्या हाताचा अंगठा निम्मा. एकदा मोटार सुटली आन दोरानं नेला. तर बोअर आटली की मालक काय करतो? मोटार काढतो. मग आतला केसिंग पाईप बी काढून घेतो, दुसरीकडं कामाला येतो म्हणून. मागं काय राहतं? भोक. साडेसहा इंच. त्यावर गोणपाट, गोणपाटावर दगड न्हाईतर फरशी, वरून माती. झालं. दोन पावसाळ्यात गोणपाट कुजून जातं."

"साडेसहा इंचात काय जातंय तात्या?"

"करडू जातं."

ऋतिकनं मोबाईल खाली ठेवला.

"निरगुडसरच्या अंगाला गेलं व्हतं. तिथला पाईप कुशाबानंच उपसलेला. दोन दिवस आतनं आवाज येत व्हता. कुशाबा कडंला बसून. तिसऱ्या दिवशी आवाज न्हाई आला. तवापासून तो माणूस बदलला."

आमच्या फरशीचा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही, हे मी इथं लिहून ठेवते. मनात आला तो गोबरगॅसचा खड्डा.

"कुशाबाच्या डोक्यात सगळ्या बोअर पाठ. कुठली चालू, कुठली आटली, कुठली उघडी. शेठचा नातू हितेश, कॉम्प्युटर शिकलेला पोरगा, घरूनच काम करतो. त्यानं सगळं दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरात घातलं. गाव, मालक, किती फूट, झाकण बसल्याची तारीख, आन शेवटी शेरा. पण कुशाबाला ते माऊस, खिडक्या, काय जमंना. मग हितेशनं युक्ती केली. आपण सारखा तोच अर्ज लिहितो, तर त्याचा एक नमुना करून ठेवतो का न्हाई? नुसती गावाच्या नावाची जागा मोकळी. तसा त्यानं कॉम्प्युटरला विचारायचा प्रश्न एकदाच लिहून ठेवला. ज्या बोअरच्या झाकणाची तारीख कोरी हाय, तेवढ्या दाखव. आन त्या प्रश्नाला नाव दिलं, उघडी. काळ्या पडद्यावर टाईप करायचं, उघडी, लोणी. खाली यादी."

"सेव्ह केलेली क्वेरी," मी म्हटलं.

"तुमी शिकलेली माणसं काय बी म्हणा. कुशाबाला त्यातली बी दोनच बटणं ठाव. वरचा बाण आन एंटर. बाण दाबला की मागं विचारलेलं परत समोर येतं, एंटर दाबलं की यादी. रोज दिवेलागणीला खुर्चीत बसायचा. टक... टक. यादी कागदावर उतरवायची आन सकाळी लुनावर पत्रा, वेल्डिंगचं सामान टाकून निघायचं. झाकण मारलं की त्यावर निळ्या ऑइलपेंटात अंगठा उठवायचा. तो निम्मा अंगठा. हितेश यादीत तारीख टाकायचा. मग ती ओळ पुन्हा यायची न्हाई."

निळा, हा शब्द मी ऐकला. ऐकला आणि बाजूला ठेवला. मला प्रत्येक गोष्टीत स्वतःचं मूल दिसतं, असं हे नेहमी म्हणतात.

"आन शेऱ्यात त्याचं एक ठरलेलं व्हतं. जिथं पोरांची ये-जा, तिथं लिहायला लावायचा, 'पोरं खेळत्यात.' ती बोअर सकाळपर्यंत ठेवायचा न्हाई. रात्रीच निघायचा."

"मग ह्यात भूत कुठंय?" ऋतिकनं विचारलं, पण हळू.

"कुशाबा गेल्या गणपतीत गेला. किडनीचं दुखणं. आदल्या संध्याकाळी हितेश दवाखान्यात भेटायला गेला व्हता. कुशाबा म्हणला, लोणीचं एकदा परत विचार. हितेश म्हणला, मामा, लोणी संपली, शून्य आलंय. कुशाबा म्हणला, परत विचार. हितेश म्हणला, उद्या विचारतो."

तात्यांनी बाहेर अंधारात थुंकून घेतलं.

"पहाटं कुशाबा गेला. ते उद्या राहिलंच."

हर्षाली मांडीवर वळली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. एवढासा खांदा. साडेसहा इंच म्हणजे किती, ते मी वितीनं मोजून बघितलं आणि वीत मिटून घेतली.

"डिसेंबराची एकोणीस तारीख. शुक्रवार. आजच्यासारखीच अमावास्या. दुसऱ्या दिवशी आपल्या गावची ग्रामसभा. बोअरचा विषय निघणार, म्हणून हितेशला यादी मागितली व्हती. त्यांच्यात जेवणं दिवस मावळायच्या आत. बाकीचं काम उरकून साडेनऊला तो दुकानात उतरला. शटर अर्धं वर. कॉम्प्युटर चालू केला. टाईप केलं, उघडी, लोणी. शून्य. बरं वाटलं त्याला. कागद तयार केला, 'लोणी गावात एकही उघडी बोअर नाही.' मग म्हणला, छापायच्या आधी एकदा बघावं. वरचा बाण दाबला. एंटर."

तात्या थांबले.

"एक ओळ आली."

"कुणीतरी भरली असेल," मी म्हटलं.

"कोण भरणार? शटर अर्धं. नेट न्हाई. आत तो एकटा. आन दोन मिनिटांपूर्वी शून्य."

"पण तात्या, प्रश्न विचारल्यानं ओळ तयार होत नाही. आत असेल तेच बाहेर येतं."

"हितेशला बी तेच ठाव व्हतं, सूनबाई. म्हणून तर तो घाबरला."

माझं कॉलेजमधलं ज्ञान पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडलं, आणि ते असं.

"ओळीत काय व्हतं?" ऋतिक.

"गाव, लोणी. मालक कोरा. फूट कोरं. तारीख कोरी. शेरा..." तात्यांनी आमच्याकडं न बघता सांगितलं. "पोरं खेळत्यात."

रस्त्यावरून एक ट्रॉली गेली.

"हितेशनं काय केलं? शिकल्याली माणसं करत्यात तेच. म्हणला, ही कचरा ओळ हाय. त्यानं कुशाबाचा तो प्रश्नच बदलला. त्यात अट घातली, मालकाचं नाव नसंल ती दाखवू नको. जुन्या नावावरच ठेवून दिला. उघडी. परत विचारलं. शून्य. कागद छापला. सही केली. दिवा मालवला. बाहेर आला. शटर वढायला वाकला..."

"मग?"

"टक."

ऋतिकनं खाली सोडलेले पाय ओट्यावर ओढून घेतले.

"थोडा वेळ काय न्हाई. मग परत. टक."

मी हर्षालीला जवळ ओढलं.

"वाकून बघितलं. पडदा चालू. समोरची खुर्ची रिकामी. पडद्यावर एक ओळ. मालक कोरा. म्हंजे अट असून आली. हितेश आत गेला. म्हणला, वरचा बाण दाबून बघू, आपण काय काय विचारलं ते. दाबला. उघडी, लोणी. परत दाबला. उघडी, लोणी. परत. परत. पन्नासदा दाबला आसंल. उघडी, लोणी. उघडी, लोणी. त्यानं सगळं मिळून विचारलं व्हतं तीनदा."

"तारखा दिसतात त्यात," मी पुटपुटले. का बोलले कुणास ठाऊक. गप्प बसवलं नाही.

"दिसत्यात. बघितल्या त्यानं. गणपतीपासून रोजच्या. दिवेलागणीची येळ. दुकानात माणसं असायची, गिऱ्हाईक असायचं. त्या कोपऱ्याकडं कुणाचं ध्यान न्हाई. रोज कुणीतरी विचारत व्हतं."

तात्यांचा आवाज खाली आला.

"त्यानं वायर काढली. पडदा काळा. अंधार. ऑइलपेंटचा वास... ताजा. मागं बघायची हिंमत न्हाई. शटरकडं निघाला. आन मागं, बंद कॉम्प्युटरवर..."

त्यांनी नुसतं बोट ओट्यावर दोनदा वाजवलं.

ऋतिक माझ्या बाजूला सरकून बसला होता. चोवीस वर्षांचा घोडा. मलाही बरंच वाटलं.

"वर घरात जाऊन त्यानं हातातला कागद बघितला. 'लोणी गावात एकही उघडी बोअर...' फुडं 'नाही' व्हतं. त्या 'नाही'वर निळा अंगठा. वला. निम्मा."

"तुम्ही बघितला?" मी विचारलं.

"फोटो हाय माझ्याकडं. दुसऱ्या दिवशी हितेश कागद घेऊन माझ्याच दारात आला. तोंड पांढरंफटक. ग्रामसभेत कागद दिला न्हाई त्यानं. म्हणला, संपतकाका, मी मामांना उद्या म्हणलो व्हतो. आमी दोघं आठ दिवस फिरलो. लोणीतली एक बी बोअर सोडली न्हाई. सगळ्यांवर अंगठा. नवी सापडली न्हाई. कुणीतरी बाहेरची गाडी आणून, रातोरात चोरून मारल्याली आसंल, कोरडी गेली आसंल, कुशाबाला बी पत्ता नसंल जिवंतपणी. पण कुठं? वावरं बघितली. बांध बघितलं. माळ बघितला. वड्याचा काठ बघितला. बंद घरं तेवढी..."

तात्या थांबले.

या वेळचं थांबणं गोष्टीतलं नव्हतं. तात्यांनी मान वळवली आणि आमच्या घराकडं बघितलं. दाराकडं. दारातून आत, अंधारात.

"हे घर डिसेंबरात कुलपात व्हतं," ते म्हणाले. कुणाला सांगत होते, कळलं नाही.

डिसेंबरात इथं मागं गुडघाभर गवत होतं. पोरं नव्हती. पोर संक्रांतीला आलं. मी आणलं.

"सूनबाई. मागं काय हाय तुमच्या?"

"काही नाही. लिंब आहे. आणि..."

मी गोणपाट घातलं नव्हतं. मी माती खरवडली होती. घासून धुतली होती. विटेचा तुकडा सरकवला होता. रोज पोरीला नेऊन बसवत होते, दम देऊन.

"आणि फरशी," मी म्हटलं.

ऋतिक उठला, पण आत गेला नाही. उभाच राहिला.

"तात्या, फोटो दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी मोबाईल पुढं केला. मी हर्षालीला कडेवर घेतलं. आतल्या खोलीत जाऊन खुंटीवरचा फ्रॉक काढून आणला, सहा पावलं जाऊन सहा पावलं परत, स्वयंपाकघराच्या खिडकीकडं न बघता. फ्रॉक ओट्यावर पसरला. ऋतिकनं बॅटरी मारली. तात्यांनी त्याचं मनगट धरून उजेड डागावर आणला.

उजवा खांदा. पाठीच्या बाजूला. कुणी मागून धरून पोराला ओढलं, की अंगठा जिथं पडेल तिथं.

रेषा स्पष्ट होत्या. ठसा वर अर्ध्यातच तुटलेला. सपाट.

तात्यांनी मोबाईल फ्रॉकच्या शेजारी ठेवला. मग उचलून घेतला आणि पडदा बंद केला. बघायचं काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. घराच्या मागून. लिंबाखालून.

टक.

...

टक.

वारा नव्हता. मांजर असेल, असं म्हणायला ऋतिकनं तोंड उघडलं आणि मिटलं. मांजराच्या वजनानं ती फरशी वाजत नाही. मी महिनाभर ऐकलेली आहे. तिच्यावर कुणी बसलेलं असावं लागतं, आणि त्यानं अंग हलवावं लागतं.

हर्षाली जागी झाली. डोळे चोळत तिनं माझ्या खांद्यावरून आत बघितलं, दोन्ही खोल्यांपलीकडं, खिडकीच्या काळ्या चौकोनाकडं. घाबरली नाही. ओळखीचं कुणी दिसावं तशी बघत राहिली.

"हर्षू," मी म्हटलं. "दुपारी तू मला काय सांगत होतीस?"

तिनं आधी जांभई दिली. मग म्हणाली,

"ते आजोबा म्हणाले, तू उठ बाळा, इथं मी बसतो. तुझी आई येईस्तोवर मी उठत न्हाई. आई, तू तिथं गेलीच नाहीस ना."